पुस्तकांच्या काउंटरवर नवीन लागलात? कादंबरीला वाचक कसा गाठून द्यायचा

पुस्तकाच्या दुकानात नवीन लागलेल्या पोरापोरींना पहिल्या आठवड्यात काय शिकवतात, तर बिल कसं करायचं, पाठ्यपुस्तकं कुठल्या रॅकला, वह्यांचे गठ्ठे कुठे, आणि दुपारी शटर ओढायच्या आधी गल्ला कसा मोजायचा. कादंबरी कशी विकायची ते कोणी सांगत नाही. सगळ्यांची समजूत अशी की ज्याला कादंबरी हवी तो नाव घेऊनच येतो, आपण फक्त काढून द्यायची. मोठ्या नावांचं ते खरंय, त्यांच्यासाठी तुम्हाला काही करावं लागत नाही, पुण्याहून गठ्ठा येतो आणि संपतो. पण डिचोलीच्या एखाद्या मास्तरांनी किंवा काणकोणच्या एखाद्या बाईंनी तीन-चार कादंबऱ्या लिहिल्यात, चांगल्या लिहिल्यात, त्यांचं नाव घेऊन दुकानात कोण येणार? नातेवाईक येतात, पण त्यांना पुस्तक भेट म्हणून हवं असतं. तिथे जाहिरात नसते, प्रकाशकाचा माणूस फिरकत नाही, पुस्तक आणि वाचक यांच्या मध्ये काय ते तुम्हीच.

खालचं सगळं गोव्यातलं दुकान डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा कुठलंही असो, इथे निव्वळ मराठी पुस्तकांचं दुकान क्वचितच, एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला कोकणी, मध्ये स्टेशनरी आणि गाईडं, आणि मराठी कादंबरीला दोन-तीन रॅक. तेवढ्या जागेतलंच बोलू.

पहिलं काम: वाचा, पण सगळं वाचायला बसू नका

दुकानातली प्रत्येक कादंबरी वाचणं कोणालाच जमत नाही, आणि जो म्हणतो मी सगळं वाचलंय त्याच्यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही. नवीन कादंबरी आली की पहिली तीसेक पानं वाचा, मग मध्याच्या पुढे कुठेतरी उघडून दहा पानं वाचा. मधली पानं का, तर सुरुवात सगळेच लेखक घासूनपुसून लिहितात, गोष्ट दमते ती मध्ये, आणि मध्ये जी कादंबरी दमत नाही ती तुम्ही छातीठोक हातात देऊ शकता. शेवट नाही वाचला तरी चालतो. उलट बरंच, तोंडातून फुटणार नाही.

मग एका वहीत त्या कादंबरीचं एक पान करा. गोष्ट कुठे घडते, कुठल्या काळात, कोणाची आहे, वेगाने जाते की निवांत, संवाद कुठल्या बोलीत आहेत, अक्षर बारीक आहे की मोठं, आणि सगळ्यात शेवटी, ही कादंबरी कोणाला द्यायची नाही. हा शेवटचा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा. कारण चुकीच्या माणसाला चुकीचं पुस्तक गळ्यात मारलं की ते तीनशे रुपये मिळतात आणि माणूस जातो. बाजारात एकदा शिळा बांगडा देणाऱ्या बाईकडे आपण परत जातो का? तसंच. आणि गोवा एवढंसं, तो माणूस चार जणांना सांगणार.

बोलीचा मुद्दा इथे जरा जास्तच लागतो. गोमंतकीय लेखकाच्या कादंबरीत निवेदन मराठीत आणि माणसं कोकणीत बोलतात असं पुष्कळदा असतं, पेडण्याकडची असली तर त्यात मालवणीची झाक. आपल्या गिऱ्हाइकाला ते घरचं वाटतं, पण पुण्याहून आलेल्या पाहुण्याला तिसऱ्या पानावर अडकायला होतं. लपवू नका, आधीच सांगा, की बाई, संवाद कोकणीत आहेत, पहिली वीस पानं जरा सावकाश जातील मग कान सरावतो. असं सांगितलं की लोक बहुतेक वेळा घेतातच, कारण त्यांना पण गोव्यातून गोव्याचंच काहीतरी न्यायचं असतं. न सांगता दिलं तर मात्र ते पुस्तक आयुष्यभर अर्धवट राहणार.

गिऱ्हाईक काय विचारतं आणि तुम्ही काय विचारायचं

काउंटरवर येणारा सवाल साधारण असा, "वाचपाक बरें कितें आसा?" बोलणार कोकणीत आणि घेऊन जाणार मराठी, गोव्यात यात कोणालाच नवल वाटत नाही. इथली कितीतरी माणसं प्राथमिक शाळेत मराठी शिकलेली, देवळातला उत्सव मराठी नाटकाने झालेला, घरात पेपर मराठी, आणि बोलणं कोकणी. त्यामुळे बोलण्यावरून काय वाचणार ते ठरवू नका, दोन्ही रॅक दाखवा. आणि राजभाषेचा वाद, कोकणीला राजभाषा करणारा १९८७ चा कायदा, त्यात मराठीचं स्थान काय, असं कोणी काउंटरवर काढलं तर हसून बिल करा. दुकानात त्या विषयावर जिंकून एकही पुस्तक विकलं जात नाही.

"तुम्हाला कसली पुस्तकं आवडतात?" हे विचारू नका. त्याचं उत्तर सगळे एकच देतात, "कसली पण, चांगली." त्यापेक्षा विचारा, शेवटचं पुरं वाचून झालेलं पुस्तक कुठलं? पुरं हा शब्द विसरू नका. माणूस घेतो एक आणि पुरं करतो दुसरंच, आणि त्याची खरी आवड पुऱ्या केलेल्या पुस्तकात असते. कोणी म्हणेल बाबा, पुस्तक असं नाही, पण पेपरातली मालिका रोज वाचत होतो, तर त्याला छोट्या छोट्या प्रकरणांची कादंबरी द्या. कोणी चरित्र सांगेल, त्याला खऱ्या घटनेवरची द्या. कोणी दहा वर्षांपूर्वीचं नाव घेईल, म्हणजे वाचन सुटलंय, त्याला दीडशे पानांच्या वरचं दाखवू नका, तो जाड पुस्तक बघूनच पाय मागे घेणार.

नाटकाची संहिता न्यायला येणाऱ्यांकडे खास लक्ष ठेवा, हे बाहेरच्या दुकानदारांना कळायचं नाही. गावागावातल्या उत्सवाला मराठी नाटक बसवायचं असतं, कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा असते, त्यासाठी मंडळाची पोरं येऊन संहिता चाळत बसतात, पात्रं किती, बायकांची कामं किती, सेट एक की दोन. ही मंडळी वाचणारी असतात पण त्यांना कोणी कादंबरी दाखवतच नाही. संवादांवर चालणारी कादंबरी त्यांच्यासमोर ठेवून बघा. "ह्यातून नाटक निघेल काय बघ" एवढंच म्हणा. निघो न निघो, कादंबरी जाते.

आणि दाखवताना दोनच पुस्तकं. पाच काढून ठेवलीत की माणूस गोंधळतो, "परत येतो" म्हणतो, आणि येत नाही. दोनातलं एक हातात द्या, हातात म्हणजे खरंच हातात, काउंटरवर ठेवून नव्हे, एखादं पान उघडून द्या आणि तिथून बाजूला व्हा. डोक्यावर उभं राहिलात तर त्याला वाचता येत नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली प्रत कोणी वाचू शकत नाही हे सांगायला नको, पण कितीतरी दुकानांत सगळ्याच्या सगळ्या प्रती गुंडाळलेल्या असतात. प्रत्येक कादंबरीची एक प्रत उघडी ठेवायची, मालकाने कुरकुर केली तरी.

तीन वाक्यांत सांगता आलं पाहिजे

गिऱ्हाईक पुस्तक उलटंपालटं करतंय तेवढ्या वेळात तुम्हाला बोलायचं असतं. पहिलं वाक्य गोष्टीचं, दुसरं ती वेगळी कशात आहे त्याचं, तिसरं ह्याच माणसाला ती का द्यावीशी वाटली त्याचं. समजा खाणपट्ट्यातली कादंबरी आहे. "२०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक कर्जावर घेतलेल्या एका घराची गोष्ट आहे. कोण बरोबर कोण चूक हे लेखक सांगत बसत नाही, घरातली माणसं बोलतात. तुम्ही सांग्याचे म्हणालात म्हणून दाखवली." बस. याच्यापुढे बोललात तर विकताय असं वाटायला लागतं. "अप्रतिम", "वाचायलाच हवं असं", हे शब्द वापरू नका, ते मलपृष्ठावर आधीच छापलेले असतात आणि त्यावर कोणाचाच विश्वास नसतो.

हेच तीन वाक्यांचं लिहून रॅकला चिठ्ठी लावता येते, पुस्तकाच्या खाली, हाताने लिहिलेली. छापील नको. खाली तुमचं नाव घाला, दुकानाचं नको, म्हणजे पुढच्या वेळी माणूस येऊन विचारतो की ते चिठ्ठी लिहिणारं कोण, आणि तिथून ओळख होते. दर महिन्याला चिठ्ठ्या बदला, पिवळी पडलेली चिठ्ठी दुकान झोपल्याचं लक्षण.

रॅक आणि पाऊस

कादंबरी कणा दाखवून लावली की दिसत नाही. मराठी पुस्तकांच्या कण्यावरची अक्षरं काहींची वरून खाली, काहींची खालून वर, वाचणाऱ्याची मान दोन्हीकडे वाकते आणि तो कंटाळतो. जागा कमी असली तरी रोज चार कादंबऱ्या तरी तोंड दाखवून, डोळ्यांच्या उंचीवर लावा, आणि त्या चारांत एक तरी अशी असू दे जिचं नाव घेऊन कोणी येत नाही.

आता एक माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या. "गोमंतकीय साहित्य" अशी पाटी लावून सगळे इथले लेखक एका कोपऱ्यात घालायची पद्धत आहे. मान दिल्यासारखं वाटतं, पण त्या कोपऱ्यात जातं कोण? पर्यटक, संशोधन करणारे, आणि लेखक स्वतः आपलं पुस्तक आहे का बघायला. रहस्यकथा शोधणारा माणूस तिथे जात नाही, मग तिथली उत्तम रहस्य कादंबरी त्याला कशी दिसणार? दोन प्रती असल्या तर एक त्या कोपऱ्यात आणि एक तिच्या विषयाच्या रॅकला. एकच असली तर विषयाच्या रॅकला. (लेखक येऊन आपलं पुस्तक गुपचूप उचलून सगळ्यात पुढे ठेवून जातात, ते बघितलं नाहीसं करा, ते गेले की परत जागेवर ठेवा. सगळेच करतात.)

पावसाळ्याचं वेगळं सांगायला पाहिजे. जूनपासून चार महिने गोव्यात कागद हवेतलं पाणी पितो, पुठ्ठे वाकतात, पानांवर तपकिरी ठिपके येतात, कसर लागते. पाठ्यपुस्तक डाग पडलेलं पण जातं कारण मुलाला ते हवंच असतं, कादंबरी जात नाही. भिंतीला चिकटून रॅक असेल तर चार बोटं पुढे ओढा, खालचा कप्पा पावसात रिकामा ठेवा, आठवड्यातून एकदा प्रत्येक कादंबरी काढून पानं फडफडवून परत लावा. हे करताना तुम्हाला आपोआप कळतं काय पडून आहे. डांबराच्या गोळ्या पुस्तकांत घालू नका, पुढची पाच वर्षं वास जात नाही.

लेखक पिशवी घेऊन आले की

गोव्यातले बरेचसे लेखक स्वतःच छापून स्वतःच दुकानात घेऊन येतात. चहा विचारा, बोला, पण पुस्तकं तोंडी ठेवून घेऊ नका. चलन करा, दोन प्रतींत, त्यात प्रती किती, छापील किंमत किती, दुकानाचं कमिशन किती टक्के, विकल्यावर पैसे कधी देणार, न विकलेली कधी परत. तीनशेची कादंबरी आणि ३५ टक्के कमिशन ठरलं तर दुकानाला १०५ आणि लेखकाला १९५, हा हिशोब त्यांच्यासमोर कागदावर करून दाखवा, नंतर मनात काही राहायला नको. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, हे पण खूप जणांना माहीत नसतं.

पुस्तकावर आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि बारकोड आहे का बघा. नसेल तर सांगा की पुढच्या पुस्तकाच्या वेळी आधी घ्या, भारतात तो सरकारकडून फुकट मिळतो, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय आयएसबीएन एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा. तेरा आकडी नंबर नसला की कॉम्प्युटरवर पुस्तक शोधता येत नाही, दुसऱ्या शाखेतून मागवता येत नाही.

एक प्रश्न लेखकाला जरूर विचारा, हे पुस्तक वाचून तुम्हाला कोणी फोन केला का, आणि तो माणूस काय करतो? लेखक आपल्या पुस्तकाबद्दल सांगतात ते सोडून द्या, त्यातून तुम्हाला काही मिळणार नाही. पण "मला वास्कोच्या एका रेल्वेतल्या माणसाने फोन केला" हे ऐकलं की तुम्हाला वाचक सापडला. तसले आणखी कुठे मिळतील तेवढं बघायचं.

आणि पैसे वेळेवर द्या. मालकाला आठवण करा. तीनदा खेपा घातल्यावर साडेनऊशे रुपये हातात पडलेला लेखक चौथं पुस्तक तुमच्याकडे आणणार नाही, आणि त्यांचं चूक पण नाही.

प्रकाशन समारंभ

यावर थोडक्यात, कारण समारंभ तुमच्या हातात नसतो. टेबल हॉलच्या बाहेर जायच्या दाराशी लावा, मागच्या कोपऱ्यात नव्हे. सुटे पैसे, यूपीआयचा क्यूआर, दोन चालणारी पेनं. जो पुस्तक घेईल त्याच्याकडून छोट्या कागदावर नाव लिहून घ्या आणि तो कागद पुस्तकात घालून लेखकाकडे पाठवा, म्हणजे सही करताना "नाव काय म्हणालात" असं होत नाही आणि रांग सरकते. भाषणं लांबली आणि चहा-समोसा बाहेर मांडला की लोक टेबलाकडे पाठ करून जातात, म्हणून आयोजकांना आधी पटवा की चहा टेबलाच्या पलीकडे ठेवा. उरलेल्या प्रतींवर लेखकाची सही घ्यायची असेल तर माल कोणाचा ते बघा, प्रकाशकाकडून न विकलेला परत करायच्या बोलीवर घेतलेला असेल तर आधी विचारा, सही केलेली प्रत बरेच जण परत घेत नाहीत.

मोठ्या समारंभापेक्षा दुकानातच दहा-बारा खुर्च्यांचं वाचन ठेवा, शनिवारी संध्याकाळी, दुपारची सुट्टी संपून दुकान उघडल्यावर. लेखकाने वीस मिनिटं वाचायचं, भाषण नको. आठ माणसं आली आणि पाच पुस्तकं गेली, तर हॉलमधल्या शंभर माणसांपेक्षा ते बरं.

ती वही

आता मुख्य गोष्ट. माझ्या मते चांगल्या काउंटरवाल्याची ओळख एकाच गोष्टीवरून होते, त्याला आठवतं का की कोणी काय नेलं. डोक्यात राहत नाही, म्हणून वही. तारीख, माणूस, काय नेलं, आणि पुढच्या वेळी काय म्हणाला. नाव माहीत नसलं तर "म्हापशाच्या बँकेतल्या बाई, चष्मा, सून पण वाचते" असं चालतं, तुमच्यापुरतं आहे, ती वही काउंटरच्या आत राहते, कोणाला दाखवायची नाही.

याचा उपयोग कळतो तो लेखकाच्या दुसऱ्या कादंबरीच्या वेळी. पहिल्या कादंबरीला कौतुक असतं, पेपरात फोटो येतो, नातेवाईक, शाळेतले मित्र सगळे घेतात. दुसरीला यातलं कोणी नसतं. दुसरी कादंबरी चालते ती पहिली ज्यांनी पुरी वाचली त्यांच्यावर, आणि ती माणसं कोण हे लेखकाला माहीत नसतं, प्रकाशकाला पण माहीत नसतं, ते फक्त तुमच्या वहीत असतं. दुसरी आली की वही उघडायची, पहिली नेलेली माणसं काढायची, आणि ज्यांनी परत येऊन "आवडली" म्हटलं होतं त्यांनाच कळवायचं. ज्यांनी काहीच म्हटलं नाही त्यांना पहिल्यांदा विचारायचं, ती वाचून झाली का? नाही म्हणाले तर दुसरीचं नाव काढू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायचं तर आधी माणसाला विचारून घ्या, आणि ग्रुप करू नका, ग्रुपमध्ये दुसऱ्या दिवसापासून सुप्रभात सुरू होतं. ब्रॉडकास्ट लिस्ट करा. फक्त एवढं लक्षात ठेवा की ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो, म्हणून पुस्तकाच्या बिलाबरोबर नंबर सेव्ह करायला सांगा. पुस्तकाच्या कव्हरचा फोटो पाठवण्यापेक्षा एका पानाचा पाठवा, लेखकाला विचारून. महिन्यातून दोनदा पुरे.

ज्यांनी चार-पाच कादंबऱ्या लिहिल्यात त्यांच्या बाबतीत आणखी एक ठरवावं लागतं, नव्या वाचकाला पहिली कुठली द्यायची. लेखक म्हणणार सगळ्यात नवीन द्या, त्यांना ती ताजी असते. पण बऱ्याचदा दार उघडणारी वेगळीच असते, दुसरी किंवा तिसरी, पानं कमी, गोष्ट सरळ. ती ठरवा आणि तिचा स्टॉक कधी संपू देऊ नका. बाकीच्या चार तिच्या मागून जातात. ती दुकानात नसेल तर त्या लेखकाचा सगळा रॅक थांबतो, हे वहीत दोन-तीन महिन्यांत स्पष्ट दिसायला लागतं.

वहीचा मागचा भाग दुसऱ्या कामाला ठेवा, कोणी काय विचारलं आणि आपल्याकडे नव्हतं. गोव्यातल्या मराठी पेपरांच्या रविवारच्या पुरवण्या, गोमन्तक, नवप्रभा, रविवारीच बघून ठेवा, परीक्षण आलं की सोमवारी विचारणारे येतात आणि बहुतेकांना पुस्तकाचं नाव अर्धंच आठवतं, "ते पेपरात आलेलं, निळं कव्हर." कात्रण काउंटरवर असलं की काम झालं. आणि ऑर्डर दोन प्रती राहिल्या असतानाच द्या. पुण्याहून पार्सल ट्रान्सपोर्टने यायला दिवस जातात, त्यात पाऊस आणि घाटातला खोळंबा. एकच प्रत राहिली की ती हाताळून मळते, आणि मळकी एकुलती प्रत कोणी घेत नाही.

दुकानाच्या बाहेरचे वाचक

काउंटरवर न येणारे वाचक जास्त आहेत. त्यांच्यापर्यंत जायचे रस्ते ठरलेले आहेत, वाचनालयं, शाळा-कॉलेजं, आणि विषयाची माणसं.

पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय, १८३२ साली सुरू झालेलं, सगळ्यांना माहीत आहे. पण तालुक्यांची ग्रंथालयं आणि गावातली छोटी वाचनालयं जास्त उपयोगाची, तिथला ग्रंथपाल गावातल्या प्रत्येक वाचकाला नावाने ओळखतो. त्याला यादी पाठवू नका, याद्या त्याच्याकडे ढिगाने येतात. दोन कादंबऱ्यांची नावं आणि प्रत्येकीची तीन वाक्यं पाठवा. सरकारी खरेदीची प्रक्रिया वेगळी असते, कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून राज्यांच्या ग्रंथालयांना खरेदीसाठी मदत करतं, अर्ज कधी निघतात त्यावर लेखकाने किंवा प्रकाशकाने लक्ष ठेवायला हवं, तुम्ही आठवण करून दिलीत तरी पुष्कळ. शाळा-कॉलेजांचा ग्रंथालयाचा निधी मार्चच्या आत खर्च करायचा असतो, म्हणून जानेवारीतच जाऊन भेटा, मार्चमध्ये ते फक्त बिलं मागत असतात.

विषयाची माणसं म्हणजे काय ते सांगतो. समजा धरणाखाली गेलेल्या गावावर कादंबरी आली. साळावली धरणात कुर्डी गाव गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की मे महिन्यात ते वर येतं आणि तिथली जुनी माणसं देवळापाशी जमतात, त्यातली कितीतरी घरं वालकिणीला वसवलेली. त्या कादंबरीचा पहिला वाचक पणजीत नाही, तिथे आहे. त्या दिवसांत सांगे-कुडचडेच्या वाचनालयात दोन प्रती पोचल्या पाहिजेत, आणि तिथे गाडा लावून विकायला बसू नका, तो त्यांचा दिवस असतो. एका माणसाला द्या, बाकीचं तो करतो. मुक्तिलढ्यावरची असेल तर १९ डिसेंबरच्या आधी दोन आठवडे, जनमत कौलाच्या (गोवा महाराष्ट्रात घालायचा की नाही) काळातली असेल तर १६ जानेवारीच्या आधी, पुस्तक पुढच्या टेबलावर आलं पाहिजे. त्याच दिवशी ठेवून उपयोग नाही, सुट्टी असली तर दुकान बंद असतं किंवा गिऱ्हाईक घरी.

बाकी वर्षाचं गणित तुम्हाला एका वर्षात कळेल. शाळा सुरू होतानाचे दिवस कादंबरीचे नाहीत, नाद सोडा. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माणसं गावच्या घरी जातात, चार-पाच दिवस तिथे दुपारी करायला काही नसतं, त्याच्या आधीच्या आठवड्यात माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती) सामानाच्या पिशवीत एक कादंबरी पण जाऊ शकते, सुचवून बघा. दिवाळी अंक न्यायला येणारा माणूस वर्षातून एकदाच येतो, त्याच्या अंकात ज्या लेखकाची कथा आहे त्याची कादंबरी शेजारी ठेवा. सत्तावीस फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाची भाषणं होतात, पुस्तकं फार जात नाहीत, पण शिक्षक भेटतात. नोव्हेंबर ते जानेवारी महाराष्ट्रातून पाहुणे येतात, त्यांचं वर सांगितलंच.

ऑनलाइन स्वस्त मिळतं म्हणून कव्हरचा फोटो काढून जाणारे भेटतील. रागावू नका. गोव्यातल्या स्वतः छापणाऱ्या लेखकांची पुस्तकं ऑनलाइन मिळतातच असं नाही, त्यामुळे त्यातले काही परत येतात. पीडीएफ फिरवणाऱ्यांना मात्र सांगा, शांतपणे, की हे लेखक आठवड्याने दुकानात येतात, भेटायचंय का?

परत पाठवायची वेळ

काही कादंबऱ्या जात नाहीत. सगळं करून पण नाही जात. परत पाठवायच्या आधी जागा बदलून बघा, महिनाभर दुसऱ्या रॅकला, दुसरी चिठ्ठी, कारण पुष्कळदा दोष जागेचा असतो. तरी नाही गेली तर लेखकाला फोन करून खरा आकडा सांगा. "चांगली चाललीय" असं म्हणायची आपल्याकडे सवय आहे, वाईट वाटू नये म्हणून, पण त्यावर भरवसा ठेवून माणूस दुसरी आवृत्ती छापतो आणि घरातल्या कपाटावर गठ्ठे रचून बसतो. दहातल्या चार गेल्या तर चार सांगा, आणि त्या चार कोणी नेल्या ते पण सांगा, नावं नकोत, कसली माणसं ते. निवृत्त शिक्षक दोघे, नाटकवाला एक, एक कॉलेजची मुलगी. लेखकाला त्या चारांचा उपयोग जास्त.

परत पाठवताना एक प्रत दुकानाने विकत घेऊन ठेवावी असं मालकाला पटवून बघा. लेखकाची पुढची कादंबरी आली, गाजली, की पहिली विचारायला लोक येतात आणि तेव्हा ती कुठेच मिळत नाही. मालक नाही म्हणाला तर कमिशन कापून तुम्हीच घ्या, तीनशेची १९५ ला पडते.